हाताची विद्या आणि छापील पान
(शतकमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषणाची संहिता)



पुस्तक वाचून पोहता येत नाही, असे आपल्याकडे लहान मुलांनाही सांगितले जाते. ग्रंथालयाच्या शतकमहोत्सवात हे वाक्य उच्चारणे थोडे औचित्याला सोडून वाटेल. तथापि ज्या संस्थेने शंभर वर्षे पुस्तके जपली, तिच्याच व्यासपीठावर या वाक्याची परीक्षा व्हावी हेही योग्यच. परीक्षेसाठी आज निवडलेला विषय आहे व्हायोलिन हाताने घडविण्याची आणि दुरुस्त करण्याची विद्या. ही विद्या छापील पानातून किती येते, कोठे येऊन अडते, आणि हातांची परंपरा एकदा तुटली तर कागदाच्या आधाराने ती पुन्हा जुळते काय, हे पाहावयाचे आहे.

व्हायोलिन आपल्याला परके राहिलेले नाही. दक्षिणेत बालुस्वामी दीक्षितरांच्या काळापासून ते कर्नाटक संगीतात रुजले. गोव्यात चर्चच्या पॅरिश शाळांतून मुलांना स्वरलेखनाबरोबर व्हायोलिन शिकविले जाई, आणि तेथून तयार झालेले कितीतरी वादक पुढे मुंबईच्या चित्रपटसंगीताच्या वाद्यवृंदांत जाऊन बसले. गजाननबुवा जोशी, श्रीधर पार्सेकर, व्ही. जी. जोग, डी. के. दातार यांनी हे विलायती वाद्य हिंदुस्थानी मैफलीत बसते केले. वादकांची नावे अशी ओठांवर असतात. वाद्य कोणी केले, त्याची चिरलेली तबली कोणी सांधली, हे सहसा कोणी विचारीत नाही.

परीक्षेला आरंभ करण्याजोगा गृहस्थ म्हणजे लंडनचा एडवर्ड हेरॉन-ॲलन. जन्म १८६१ सालचा. घरची वकिलीची पेढी सोहो भागात, आणि मुलगाही त्याच पेढीवर कामाला लागलेला. तेथून जवळच वॉर्डर स्ट्रीटवर जॉर्ज शानो या व्हायोलिन-कारागिराचे दुकान होते. शानो घराणे मूळचे फ्रान्समधील मिरकूरचे, म्हणजे ज्या गावात व्हायोलिन करणे हाच घरोघरचा धंदा होता तेथले. वकिलीच्या कागदपत्रांत दिवस घालविणारा हा तरुण शानोच्या बाकावर जाऊन काम शिकू लागला, आणि जे शिकला ते लिहून काढले. १८८४ साली ‘व्हायोलिन-मेकिंग, ॲज इट वॉज अँड इज’ हा त्याचा जाडजूड ग्रंथ निघाला, तेव्हा लेखकाने पंचविशीही गाठलेली नव्हती. त्यानंतर या पुस्तकाची पुनर्मुद्रणे होत राहिली आणि एकविसाव्या शतकातही ते विकत मिळते.

हा मनुष्य पुढे काय काय झाला हे सांगण्याचा मोह आवरत नाही. त्याने व्हायोलिनविषयक ग्रंथांची एक विस्तृत सूची केली, हस्तसामुद्रिकावर पुस्तके लिहिली, फार्सी शिकून १८९८ साली ऑक्सफर्डच्या बोडलियन ग्रंथालयातील उमर खय्यामच्या हस्तलिखिताची प्रतिकृती भाषांतरासह प्रसिद्ध केली, आणि समुद्रातील सूक्ष्म कवचधारी जीवांच्या अभ्यासाबद्दल १९१९ साली त्याला रॉयल सोसायटीचे सदस्यत्वही मिळाले. रुबायांचे नाव निघताच मराठी वाचकाला बडोद्यात जन्मलेले माधव ज्यूलियन आठवतील. त्यांनीही इंग्रजीच्या मध्यस्थीवर समाधान न मानता मूळ फार्सीकडे धाव घेतली होती. मूळ जागी जाऊन पाहण्याची हीच वृत्ती हेरॉन-ॲलनला शानोच्या दुकानात घेऊन गेली असावी.

त्याच्या ग्रंथातील इतिहासाचा भाग आज जुना झाला आहे, आणि खरे सांगायचे तर थोडा कंटाळवाणाही आहे. प्रत्यक्ष कामाचा भाग मात्र तसा नाही. लाकूड, हत्यारे, साचा, कडा, पाठ, तबली, मान, रोगण या क्रमाने तो वाचकाला बाकाशी नेऊन उभा करतो. हा क्रम थोडा तपशिलाने पाहण्यासारखा आहे, कारण पुस्तकाचे बळ आणि त्याची मर्यादा दोन्ही त्यातच दिसतात.

व्हायोलिनला सत्तराहून अधिक लाकडी तुकडे लागतात. वरची तबली स्प्रूस या सूचिपर्णी झाडाची आणि पाठ मेपलची. तबलीचे लाकूड ओंडक्याच्या गाभ्यापासून सालीकडे, पाचरीसारखे काढलेले असावे लागते. ते करवतीने कापण्यापेक्षा फोडून काढले तर तंतू तुटत नाहीत. मग ते वर्षानुवर्षे मुरवावयाचे. पाचर मधोमध चिरून, पुस्तक उघडावे तशी दोन दळे शेजारी ठेवून सांधतात, म्हणजे डाव्या-उजव्या रेषा परस्परांची प्रतिबिंबे होतात. नवशिक्याची पहिली परीक्षा या सांध्याशीच होते. दोन्ही कडा रंध्याने इतक्या सरळ कराव्या लागतात की त्या एकमेकींवर ठेवून उजेडाकडे धरल्या असता मधून प्रकाशाची रेघही दिसू नये. पुस्तकात हे एका वाक्यात येते. बाकावर या एका वाक्याला आठवडा लागतो, आणि त्यातला बहुतेक वेळ रंध्याचे पाते दगडावर घासण्यात जातो.

क्रेमोनाच्या पद्धतीत काम आतल्या साच्याभोवती चालते. साच्याच्या खाचांत सहा ठोकळे तात्पुरते चिकटवतात, आणि सुमारे एक मिलिमीटर जाडीच्या मेपलच्या पट्ट्या ओल्या करून तापलेल्या लोखंडावर वाकवून त्या ठोकळ्यांना सरसाने जोडतात. लोखंड कमी तापले तर पट्टी वळत नाही, आणि जास्त तापले तर करपते. मेपलच्या ज्या लाटांमुळे पाठ देखणी दिसते, त्याच लाटांवर पट्टी मोडण्याची शक्यता सर्वांत अधिक. कडा उभ्या राहिल्या की त्यांच्यावरून तबली आणि पाठ यांची रूपरेषा आखावयाची, गोल धारेच्या पटाशीने बाहेरचा फुगवटा कोरावयाचा, मग अंगठ्याएवढ्या पितळी रंध्यांनी आणि शेवटी पोलादी खरवडणीने तो नितळ करावयाचा. काठापासून चारेक मिलिमीटरवर जी काळी-पांढरी-काळी अशी तिपेडी रेघ दिसते ती रंगविलेली नसते. तेथे चर खोदून लाकडाच्या तीन बारीक पट्ट्या बसविलेल्या असतात. ती शोभेची आहेच, शिवाय काठाला धक्का लागून चीर गेली तर ती पुढे तबलीत धावू नये म्हणूनही आहे.

येथपर्यंत पुस्तक उत्तम सोबत करते. आतून तबली पोखरण्याची वेळ आली की मात्र ते अडखळू लागते. तबली अडीच ते तीन मिलिमीटर, पाठ मध्यभागी साडेचारच्या आसपास आणि काठाकडे पातळ, हे आकडे छापता येतात. पण दोन झाडे सारखी नसतात, एका झाडाचे दोन तुकडेही नसतात. कारागीर तबली दोन बोटांत धरून वाकवून पाहतो, कानाशी नेऊन टिचकी मारतो, पुन्हा दोन-चार साली काढतो. कोठे थांबावयाचे हे त्याला हात आणि कान सांगतात. एक साल अधिक निघाली की ती परत चिकटविता येत नाही.

दुसरी जागा आतल्या खुंटाची. घोडीच्या उजव्या पायाच्या किंचित मागे, तबली आणि पाठ यांच्यामध्ये स्प्रूसची सहा मिलिमीटर जाडीची एक काडी उभी असते. ती चिकटविलेली नसते, केवळ दाबाने उभी राहते. इटालियनमध्ये तिला ‘आनिमा’ म्हणतात, फ्रेंचमध्ये ‘आम’. दोन्हींचा अर्थ आत्मा. एफ अक्षराच्या आकाराच्या भोकातून वाकडे हत्यार घालून ती बसवावयाची. अर्धा मिलिमीटर इकडे-तिकडे झाली तर आवाज मोकळा होतो किंवा घुसमटतो. याचे वर्णन हेरॉन-ॲलननेच काय, कोणीही केले तरी वाचणाऱ्याच्या हाती फारसे लागत नाही.

आपल्याकडे याची नेमकी जोड शोधावयाची तर मिरजेच्या जवारीकडे जावे लागेल. तेथील शिकलगार मंडळी मूळची शस्त्रे घडविणारी व त्यांना धार लावणारी. एकोणिसाव्या शतकात शस्त्रांचे दिवस सरले आणि ती तंबोरे-सतारींकडे वळली. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकनही मिळाले. तंबोऱ्याच्या घोडीचा माथा कानशीने असा उतरावयाचा की तार त्याला पुरती टेकू नये आणि पुरती सुटूही नये. मग तारेखाली सुताचा धागा सरकवून नेमकी जागा शोधावयाची. ही जवारी मुले वडिलांच्या शेजारी बसून शिकत आली. मिरजेत वास्तव्य केलेल्या अब्दुल करीम खाँसाहेबांना स्वतः जवारी काढण्याचा आणि वाद्यदुरुस्तीचा नाद होता. गवयाचा कान आणि कारागिराचा हात एकाच देहात असला की पुस्तकाची गरज उरत नाही, असे म्हणता येईल. अडचण एवढीच, की तो देह गेला की त्याच्याबरोबर विद्याही जाते.

क्रेमोनात हेच घडले. उत्तर इटलीतील या गावी सोळाव्या शतकात आंद्रेआ आमाती याने व्हायोलिनला जे रूप दिले, ते मूलतः आजही टिकून आहे. विद्या घराण्यातच राहिली. १६३० च्या प्लेगने गावाची दैना केली तेव्हा आमाती घराण्यातला नातू निकोलो हा जवळजवळ एकटाच जाणता कारागीर उरला. पुढे त्याने घराबाहेरचे शिष्य बाकावर घेतले. आंद्रेआ ग्वार्नेरी हा त्यांतला एक. त्या वेळी परंपरा वाचली ती हाताने हाताला दिली म्हणून. घराण्याचे दार उघडण्याचे हे धोरण निकोलोने खुशीने पत्करले की निरुपायाने, हा प्रश्न आपल्याकडील घराण्यांचा इतिहास जाणणाऱ्यांना सुचल्यावाचून राहणार नाही.

पुढच्या शतकात मात्र असे दार उघडले गेले नाही. अंतोनियो स्त्रादिवारी १७३७ साली वारला. त्याच्या मागोमाग त्याचे दोन कारागीर मुलगे गेले, १७४४ साली ग्वार्नेरी देल जेझू गेला, १७४७ साली कार्लो बेर्गोंझी. एकोणिसाव्या शतकात चेरूती घराण्याने धुगधुगी टिकविली, तीही अखेर मालवली. ज्या गावाचे नाव जगभरच्या वादकांच्या तोंडी, त्या गावात व्हायोलिन करणारांची अखंड साखळी उरली नाही. जर्मनीत मित्तेनवाल्ड येथे १८५८ साली सरकारी आश्रयाने शाळा निघाली होती, मिरकूरमध्ये कारखाने चालू होते. क्रेमोनात तसेही काही नव्हते.

क्रेमोनाचे जे वाचले ते कागद आणि लाकूड. स्त्रादिवारीचा एक मुलगा पाओलो कापडाचा व्यापारी होता. त्याच्याकडून कोझियो दी सालाबूए या तरुण सरदाराने १७७५-७६ च्या सुमारास बापाचे साचे, नकाशे, हत्यारे विकत घेतली. कोझियो स्वतः कारागीर नव्हता. तो संग्राहक होता आणि वाद्यांची मापे टिपून ठेवण्याचा त्याला छंद होता. त्याच्या पश्चात हा ठेवा एका सरदार घराण्यात पडून राहिला. १९२० साली जुझेप्पे फ्योरिनी या कारागिराने तो एक लाख लिरांना विकत घेतला. फ्योरिनीची इच्छा एकच, या वस्तूंभोवती शाळा उभी राहावी. १९३० साली त्याने सारा संग्रह क्रेमोना नगराला देऊन टाकला. १९३४ साली तो वारला. शाळा निघाली १९३८ साली, स्त्रादिवारीच्या मृत्यूची द्विशताब्दी साजरी झाल्याच्या दुसऱ्या वर्षी. फ्योरिनीला ती पाहता आली नाही.

शाळा निघाली म्हणजे विद्या परतली असे नाही. साचा समोर आहे, पण तो कसा वापरावयाचा? कागदावर कंपासाच्या टोकांची भोके आहेत, पण ती कोणत्या क्रमाने पडली? या प्रश्नांना भिडला तो सिमोने फेर्नांदो साक्कोनी. हा रोमचा. १९३१ पासून तो न्यूयॉर्कमध्ये होता आणि तेथे स्त्रादिवारीची कितीतरी वाद्ये दुरुस्तीसाठी त्याच्या हाताखालून गेली. वाद्याचे पोट उघडल्यावर ठोकळ्यावर पटाशीचा जो माग दिसतो, अस्तराची पट्टी ठोकळ्यात जशी खोचलेली दिसते, ते सर्व त्याने मनात साठविले. मग क्रेमोनाला जाऊन त्याने संग्रहातील साचे आणि नकाशे त्या स्मरणाशी ताडून पाहिले. १९७२ साली त्याचे ‘स्त्रादिवारीची रहस्ये’ या अर्थाच्या नावाचे पुस्तक निघाले, आणि पुढच्याच वर्षी तो गेला. फ्रान्चेस्को बिस्सोलोत्ती यांच्यासारखे क्रेमोनाचे कारागीर त्याच्या सहवासात आतल्या साच्याची जुनी पद्धत पुन्हा हातात बसवू शकले.

म्हणजे तुटलेला दुवा नुसत्या कागदाने जुळला नाही आणि नुसत्या हातानेही नाही. कागद क्रेमोनात वाट पाहत होता, आणि जो हात त्याला वाचू शकला तो दुरुस्तीच्या बाकावर तयार झालेला होता.

याच साक्कोनीपाशी अमेरिकेत कार्लीन हचिन्स ही शाळेत विज्ञान शिकविणारी बाई पुढे शिकावयास आली. तिने १९४७ च्या सुमारास घरच्या घरी पहिला व्हायोला करावयास घेतला होता. साक्कोनीच्या आधी कार्ल बर्गर या कारागिराकडेही ती शिकली होती. कारागीर टिचकी मारून जे ऐकतो, ते तबलीवर भुकटी पसरून आणि ती विद्युत् कंपनांनी थरथरवून डोळ्यांना दिसेल असे तिने केले. भुकटी रेषांत गोळा होते आणि लाकूड कोठे ताठ आहे हे उमगते. हाताच्या विद्येतला एक तुकडा असा पुस्तकात येऊ शकेल इतका स्पष्ट झाला. सगळा नव्हे, हे तिलाही मान्य होते.

रोगणाच्या रहस्याबद्दल आजवर जितकी शाई खर्ची पडली तितके रोगणही लागले नसेल. २००९ साली फ्रान्समधील संशोधकांनी स्त्रादिवारीच्या पाच वाद्यांवरील रोगणाचे विश्लेषण प्रसिद्ध केले. त्यांना आढळले ते तेल, पाइनची राळ आणि त्या काळचे चित्रकार वापरीत तसलेच रंग. त्याहून अधिक विचार करावयास लावणारा प्रयोग २०१० साली अमेरिकेत इंडियानापोलिस येथे झाला. २१ वादकांना डोळ्यांवर गडद चष्मे चढवून तीन जुनी आणि तीन नवी व्हायोलिने वाजवावयास दिली. जुन्यांत स्त्रादिवारीची दोन आणि ग्वार्नेरीचे एक होते. कोणते जुने हे बहुतेकांना ओळखता आले नाही, आणि सर्वाधिक पसंती एका नव्या वाद्याला मिळाली. प्रयोग हॉटेलच्या खोलीत झाला, सभागृहात नव्हे, असा आक्षेप निघाला. मग १९१२ नव्हे, २०१२ साली (शंभर वर्षांचा फरक येथे महत्त्वाचा) पॅरिसजवळ दहा नामवंत वादकांकडून, सभागृहातही, तो करून पाहिला. निष्कर्ष फारसा बदलला नाही. जुन्या वाद्यांचे मोल याने कमी होत नाही. परंतु ती विद्या परत आली की नाही, या प्रश्नाला याहून चांगला पुरावा मिळणे कठीण.

क्रेमोनात आज शंभरावर कार्यशाळा आहेत. एक कारागीर वर्षाला तीन ते सहा वाद्ये करतो. २०१२ साली युनेस्कोने या कारागिरीची अमूर्त वारशात नोंद केली, आणि फ्योरिनीने दिलेला संग्रह २०१३ साली उघडलेल्या व्हायोलिन-संग्रहालयात मांडलेला आहे.

आता दुरुस्तीविषयी थोडे, कारण त्याचा संबंध येथे बसलेल्या काही घरांशीही असू शकेल. जुन्या व्हायोलिनच्या भोकातून डोकावले की पुष्कळदा ‘अंतोनियुस स्त्रादिवारियुस’ अशी चिठ्ठी दिसते आणि घरात खळबळ उडते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून जर्मनी, बोहेमिया, फ्रान्स येथील कारखान्यांनी लाखो स्वस्त व्हायोलिनांत अशा छापील चिठ्ठ्या चिकटविल्या. त्यांचा अर्थ ‘या नमुन्यावर केलेले’ एवढाच. खऱ्या स्त्रादिवारी वाद्यांपैकी आज सुमारे साडेसहाशेच ज्ञात आहेत. म्हणून निराश होण्याचे कारण नाही. त्या कारखानी वाद्यांतही चांगले लाकूड असते, आणि जाणत्या हाताखाली ती उत्तम बोलतात.

असे वाद्य पावसाळ्यानंतर काठावर सुटते. घरचा माणूस बाजारातला पांढरा गोंद भरून ते चिकटवितो आणि मोठे काम केल्याचे समाधान मानतो. सरसाने जोडलेला सांधा सुटतो हा त्याचा दोष नाही, तो त्याचा गुण आहे. कारागीर तबलीसाठी सरस मुद्दाम पातळ करतो, म्हणजे लाकूड आकसले-फुगले तर सांधा आधी सुटेल आणि तबली चिरणार नाही. पातळ पात्याची सुरी आणि किंचित ओलावा एवढ्यावर ती उघडता येते. आतली चीर सांधून तिच्यावर लाकडाच्या लहान चकत्या आडव्या लावता येतात, खर्जाच्या बाजूची पट्टी बदलता येते, आणि पुन्हा बंद करता येते. पांढऱ्या गोंदाने हा मार्ग बुजतो. पुढचा कारागीर ते उघडू गेला की गोंद सुटण्याआधी स्प्रूसचे तंतूच निघून येतात.

जुनी वाद्ये टिकली ती वारंवार उघडली गेली म्हणून. स्त्रादिवारीची जवळजवळ सर्व व्हायोलिने आज मूळ मानेनिशी नाहीत. एकोणिसाव्या शतकात सभागृहे वाढली, तारांचा ताण वाढला, तेव्हा बहुतेकांच्या माना लांब व तिरप्या करण्यात आल्या आणि आतली पट्टी बदलण्यात आली. मूळ गोगलगायीसारखे वेटोळे मात्र नव्या मानेवर कलम करून जपले जाई. हे करणारांची नावे वाद्याच्या बाहेर कोठेही नसतात. आत, तबलीच्या उघड्या लाकडावर, दुरुस्त करणारा कधी कधी शिसपेन्सिलीने आपले नाव, गाव आणि साल लिहून ठेवतो आणि वाद्य बंद करतो. ते अक्षर मग वाचावयास मिळते ते पुन्हा कधीतरी, पुढच्या पिढीत, जो कोणी सरस सैल करून तबली उचलील त्याला.